एक चौकट, एक पीक, एक हंगाम: जागतिक मॉडेलमध्ये पिकाची वाढ चालवायला शिकताना

जागतिक वनस्पती मॉडेल, म्हणजे जगभरातल्या झाडा-पिकांची वाढ, पाणी आणि कार्बन यांचा हिशेब करणारा संगणकीय कार्यक्रम, हातात आलं की पहिला मोह होतो तो सगळं जग चालवून बघण्याचा. नकाशा तयार होतो, रंग सुरेख दिसतात, आणि त्यातली एकही चौकट, म्हणजे नकाशाचा एक लहानसा चौकोन, आपल्याला कुणाला समजावून सांगता येत नाही. माझे सुरुवातीचे दोन महिने असेच गेले. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांकडे माझा एकच आग्रह असतो: आधी एक चौकट, एक पीक आणि एक हंगाम घ्या, आणि त्याचा रोजचा हिशेब कागदावर मांडता येईल इतका ओळखीचा करून घ्या. जग कुठे पळून जात नाही.

हा लेख प्रामुख्याने एलपीजेएमएल या मॉडेलला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण ते खुलं आहे आणि त्यात पीक, नैसर्गिक वनस्पती आणि नद्यांचं पाणी एकाच हिशेबात बसतं. ऑर्किडी, ज्युल्स किंवा सीएलएम या अशाच इतर मॉडेलांच्या पीक-आवृत्त्या वापरणाऱ्यांनाही इथल्या बहुतेक पायऱ्या लागू पडतील.

आधी हे मॉडेल काय आहे ते

मूळ एलपीजे हे नैसर्गिक वनस्पतींचं मॉडेल. लुंड, पॉट्सडॅम आणि येना या तीन शहरांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं, आणि त्याचं सविस्तर वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. २००७ मध्ये त्यात शेती आली आणि ते एलपीजेएमएल झालं. २०१८ मध्ये चौथी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली झाली, आणि पाचव्या आवृत्तीत नत्राचा हिशेबही जोडला गेला.

शेतावरची मॉडेलं, म्हणजे डीएसएसएटी किंवा एपीसिम, एखाद्या वाणाची, एखाद्या मातीची बारीक माहिती मागतात. जागतिक मॉडेलला ती चैन परवडत नाही. इथे जग अर्ध्या अंशाच्या चौकटींत वाटलेलं असतं. जमिनीच्या अशा साधारण ६७,००० चौकटी होतात. विषुववृत्तावर एक चौकट सुमारे ५५ किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे ३,००० चौरस किलोमीटरहून थोडी मोठी. ६० अंश अक्षांशावर तीच चौकट क्षेत्रफळाने निम्मी होते. हे आत्ताच लक्षात ठेवा. जागतिक सरासरी काढताना क्षेत्रफळाचं वजन द्यायला विसरणं ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे.

वाण नसल्यामुळे पिकांचे गट केलेले असतात. गहू हा समशीतोष्ण तृणधान्यांचा प्रतिनिधी, बाजरीवर्गीय धान्यं उष्ण कटिबंधातल्या तृणधान्यांची. त्याशिवाय भात, मका, कडधान्यं, सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल, मोहरीवर्गीय तेलबिया, शर्कराकंद, कसावा, ऊस. एवढ्या डझनभर गटांत जगातली बरीचशी शेती बसवायची असते.

चौकटीच्या आतली विभागणीही नीट बघा. नैसर्गिक वनस्पतींचा तुकडा वेगळा, कोरडवाहू मक्याचा वेगळा, बागायती मक्याचा वेगळा. प्रत्येक तुकड्याला मातीतल्या पाण्याचा स्वतःचा साठा असतो. त्यामुळे शेजारच्या बागायती तुकड्याला दिलेलं पाणी कोरडवाहू पिकाला मिळत नाही. पीक काढलं की जमीन पडीक तुकड्यात जाते आणि वेगवेगळ्या तुकड्यांतून आलेलं पाणी आणि कार्बन तिथे एकत्र मिसळतात.

पहिली पायरी: एक चौकट निवडा

लिनक्स, सी कंपायलर आणि अनेक प्रोसेसर वापरायचे असतील तर त्यांच्यात काम वाटून देणारं एमपीआय, एवढ्यावर मॉडेल उभं राहतं. सेटिंगच्या फाइलमध्ये पहिली आणि शेवटची चौकट एकच लिहा आणि नदीचा प्रवाह बंद ठेवा. एका चौकटीला वरच्या अंगाची नदी नसते, त्यामुळे तो भाग चालू ठेवून काही हाती लागणार नाही.

चौकट अशी घ्या जिथे तुमचं पीक खरोखर मोठ्या क्षेत्रावर घेतलं जातं आणि जिथे दर वर्षीचं उत्पादन कुणीतरी मोजलेलं आहे. डोंगर आणि मैदान दोन्ही असलेली चौकट टाळा. तिथे ५५ किलोमीटरची सरासरी ना डोंगराची असते, ना मैदानाची.

लागणारी माहिती फार नाही: तापमान, पाऊस, सूर्यप्रकाश किंवा ढगाळपणा, हवेतला कार्बन डायऑक्साइड, मातीचा प्रकार, आणि कोणतं पीक किती क्षेत्रावर. पावसाच्या बाबतीत मात्र जपा. काही संच महिन्याचे असतात आणि मॉडेल त्यांतून रोजचा पाऊस स्वतः तयार करतं. महिन्याला १०० मिमी पाऊस दोन दिवसांत कोसळला की पंधरा दिवसांत झिमझिमला, यावर पीक जगतं की मरतं. रोजची खरी नोंद मिळत असेल तर तीच घ्या.

दुसरी पायरी: मातीला मुरू द्या

मॉडेल रिकाम्या जमिनीपासून सुरू होतं. मातीतला कार्बन स्थिरावायला खूप काळ लागतो, म्हणून चौथ्या आवृत्तीत आधी फक्त नैसर्गिक वनस्पती धरून ५,००० वर्षं चालवतात, त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ३० वर्षांची हवा पुन्हा पुन्हा वापरतात. मग जमिनीचा वापर धरून आणखी ३९० वर्षं. शेवटची स्थिती फाइलमध्ये जपून ठेवली की पुढचा प्रत्येक प्रयोग तिथूनच सुरू करता येतो.

फक्त उत्पादन बघायचं असेल आणि नत्राचा हिशेब बंद असेल, तर शिकताना याहून बराच कमी काळ पुरतो. नत्र चालू असेल तर घाई करू नका. मातीतला सेंद्रिय साठा अर्धवट राहिला की पीक उपाशी दिसतं आणि आपण खतात दोष शोधत बसतो.

तिसरी पायरी: पिकाचं घड्याळ समजून घ्या

पेरणीची तारीख दोन प्रकारे ठरते. एक तर पीक-दिनदर्शिकेतून घ्यायची, जसा २००० सालच्या सुमाराची मासिक पीकक्षेत्रं देणारा मिर्का-२००० हा संच. नाहीतर मॉडेलला हवेवरून ठरवू द्यायची: जिथे पाऊस हंगामी असतो तिथे पहिल्या पुरेशा पावसावर, जिथे थंडी आड येते तिथे तापमान उंबरठा ओलांडेल तेव्हा. आजच्या काळासाठी दिनदर्शिका बरी. शंभर वर्षं पुढचं चालवायचं असेल तर दुसरी रीत जास्त प्रामाणिक, कारण शेतकरी बदलत्या हवेत जुन्याच तारखेला पेरत राहणार नाहीत.

पेरणीनंतरचं घड्याळ उष्णतेवर चालतं. दिवसाच्या सरासरी तापमानातून पिकाचं किमान तापमान वजा करायचं आणि उरलेले अंश रोज साठवत जायचे. याला अंश-दिवस म्हणतात. गव्हासाठी हे किमान तापमान साधारण ०, मक्यासाठी ८ अंशांच्या आसपास धरतात.

हे एकदा स्वतः करून बघाच. समजा मक्याला पक्व व्हायला १,६०० अंश-दिवस लागतात आणि हंगामाचं सरासरी तापमान २२ अंश आहे. रोज १४ अंश-दिवस जमतात, पीक ११४ दिवसांत तयार होतं. आता हवा २ अंशांनी तापवा. रोज १६ जमतात, पीक १०० दिवसांत उरकतं. दोन आठवडे गेले! तेवढे दिवस पानांना ऊन मिळालं नाही आणि दाण्यांत भर पडली नाही. तापमानवाढीने उत्पादन घटतं असं मॉडेल दाखवतं, त्यातला मोठा हिस्सा या साध्या भागाकारातून येतो. लांब मुदतीचा वाण घेतला तर तो हिस्सा बराच भरून निघू शकतो. म्हणून कोणताही ‘घट’ दाखवणारा आकडा वाचताना पहिला प्रश्न विचारा: यात वाण बदलू दिला होता का?

शरद ऋतूत पेरल्या जाणाऱ्या हिवाळी वाणाच्या गव्हाला आणखी एक अट असते. ठरावीक दिवस थंडी मिळाल्याशिवाय तो फुलोऱ्याकडे वळत नाही. तुमची चौकट उबदार असेल आणि तिथे हिवाळी गहू चालवला, तर पीक पानांतच अडकून राहिलेलं दिसेल. ती मॉडेलची चूक नसते, गव्हाची निवड चुकलेली असते.

चौथी पायरी: पानं, ऊन आणि पर्णरंध्रं

इथे जरा रेंगाळूया, कारण पीक आणि पाणी यांची गाठ इथेच पडते.

जमिनीच्या एका चौरस मीटरवर किती चौरस मीटर पानं आहेत, हा पर्णक्षेत्र निर्देशांक. तो हंगामात हळू सुरू होतो, झपाट्याने वाढतो, काही काळ टिकतो आणि पीक पिकताना उतरतो. निर्देशांक १ असेल तर साधारण ३९ टक्के ऊन अडतं, ३ असेल तर ७८ टक्के, ५ असेल तर ९२ टक्के, ७ असेल तर ९७ टक्के. पहिल्या काही पानांना जी किंमत आहे ती नंतरच्या पानांना नाही, हे या आकड्यांत दिसतं. अडलेल्या उनातून प्रकाशसंश्लेषण काढलं जातं. त्याचं सूत्र १९८० च्या फारकर यांच्या पानाच्या मॉडेलवरून सोपं करून घेतलेलं आहे.

पण कार्बन आत घ्यायचा तर पानाला पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाणी बाहेर जातं. दार एकच आहे. म्हणून वनस्पती मॉडेलमध्ये उत्पादन आणि बाष्पोत्सर्जन (पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी) हे दोन वेगळे हिशेब नसतात. नुसत्या पीक-गुणांकाने, म्हणजे हवेच्या मागणीला पिकाच्या ठरावीक आकड्याने गुणून, पाण्याची गरज काढणाऱ्या पद्धतीत हे दार नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पर्णरंध्रं कमी उघडून भागतं आणि पाणी वाचतं, ही गोष्ट तिथे येतच नाही.

पाणी पुरेसं असेल तेव्हा पानाच्या आतल्या आणि बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडचं गुणोत्तर गव्हासारख्या सी-३ (प्रकाशसंश्लेषणाची सर्वसाधारण रीत असलेल्या) पिकांत ०.८, तर मका-उसासारख्या सी-४ (पानातच कार्बन डायऑक्साइड दाटवून वापरणाऱ्या) पिकांत ०.४ धरतात. पाणी कमी पडलं की दार मिटायला लागतं आणि हे गुणोत्तर खाली येतं.

आता एका दिवसाचा हिशेब. त्या दिवशीची निव्वळ सौर ऊर्जा चौरस मीटरला १५ मेगाजूल आहे. १ मिमी पाणी उडवायला सुमारे २.४५ मेगाजूल लागतात, म्हणजे हवेची मागणी साधारण ६ मिमी. मुळांच्या एक मीटर मातीत पिकाला घेता येईल असं पाणी जास्तीत जास्त १५० मिमी मावतं आणि आज त्यातलं ७५ शिल्लक आहे. माती पूर्ण ओली असताना मुळं दिवसाला ८ मिमी ओढू शकतात असं धरू. आज ओल निम्मी, म्हणून पुरवठा ४ मिमी. मागणी ६, पुरवठा ४, त्यामुळे पीक ४ च उडवतं आणि पर्णरंध्रं तेवढीच उघडी राहतात. उघड्या मातीतून आणखी १ मिमी गेलं असं मानलं तर उद्या सकाळी मातीत ७० मिमी आहे आणि उद्याचा पुरवठा ३.७ मिमी.

हे दहा दिवस हाताने करा, मध्ये एका दिवशी २० मिमी पाऊस पाडा. मग मॉडेलच्या रोजच्या फाइलमध्ये त्याच गोष्टी शोधा. खऱ्या मॉडेलमध्ये मातीचे २०, ३०, ५०, १०० आणि १०० सेंटीमीटरचे पाच थर असतात आणि मुळं वरच्या थरांत दाट असतात. वरचा थर आधी सुकतो, आणि छोटा पाऊस खोलवर न जाताही पिकाला का उपयोगी पडतो हे तिथे कळतं.

एलपीजेएमएल हवेची मागणी प्रीस्टली-टेलर या १९७२ च्या पद्धतीवर काढतं. तिला फक्त ऊर्जा आणि तापमान लागतं, वारा आणि हवेतली आर्द्रता लागत नाही. जगभराची माहिती तुटपुंजी असताना हा मोठा आधार होता. पण कोरड्या, वाऱ्याच्या प्रदेशात ती मागणी कमी दाखवते. तुमची चौकट तशी असेल तर पाण्याचा ताण कमी दिसण्याचं हे एक कारण मनात ठेवा.

पाचवी पायरी: दाणे आणि एककं

दिवसाचा मिळालेला कार्बन मुळं, पानं, दाणे आणि उरलेला खोडासह साठा यांत वाटला जातो. सुरुवातीला मुळांचा वाटा ४० टक्के, पक्व होताना १० टक्क्यांवर येतो. दाण्यांचा वाटा हार्वेस्ट इंडेक्सने, म्हणजे जमिनीवरच्या पिकाच्या वजनातला दाण्यांचा हिस्सा किती यावरून, ठरतो आणि पाण्याचा ताण पडला की तोही घटतो.

बाहेर येणारं उत्पादन चौरस मीटरला ग्रॅम कार्बन असतं. आकडेवारीच्या पुस्तकात ते हेक्टरला टन, आणि तेही ओलाव्यासह. समजा मॉडेलने २०० दिले. कोरड्या पदार्थात कार्बन ४५ टक्के, म्हणून ०.४५ ने भागा: ४४४ ग्रॅम, म्हणजे हेक्टरला ४.४ टन कोरडे दाणे. साठवणीच्या दाण्यात १२ टक्के ओलावा धरला तर ०.८८ ने भागा: साधारण ५ टन. यातलं एक पाऊल राहिलं की तुलना फसते. ओलाव्याचं पाऊल राहिलं तर फरक दीडशे टक्क्यांचा नसतो, बारा-तेरा टक्क्यांचा असतो, आणि म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही.

सहावी पायरी: पाणी द्या, मग नदी जोडा

बागायती तुकड्यात मातीची ओल ठरावीक पातळीखाली गेली की सिंचन सुरू होतं. पिकाला ४० मिमी हवं असेल आणि पाटाने देताना निम्मं वाटेत जात असेल, तर नदीतून ८० मिमी उचलावं लागतं, म्हणजे हेक्टरला ८०० घनमीटर. ‘वापरलेलं’ आणि ‘उचललेलं’ पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत. जगात माणूस जितकं गोडं पाणी उचलतो त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीसाठी, असं जे म्हणतात, ते उचललेल्याबद्दल. वाटेत गेलेल्यातलं काही खाली नदीत परत येतं आणि पुढच्या शेताला मिळतं. म्हणून ठिबक बसवलं की खोऱ्यात तेवढं पाणी ‘वाचलं’ असं सरळ म्हणता येत नाही. पाट, तुषार आणि ठिबक असे तीन प्रकार मॉडेलमध्ये वेगळे चालवता येतात. पुढे नदी जोडली की तिन्ही चालवून नदीच्या मुखाशी प्रवाहात काय फरक पडतो ते बघा, मग हे नीट पटेल.

पावसाचं मातीत मुरून थेट पिकाला मिळालेलं पाणी ते हिरवं, नदी, जलाशय किंवा भूजलातून दिलेलं ते निळं. कोरडवाहू तुकड्याचं सगळं बाष्पोत्सर्जन हिरवं. बागायती तुकड्यात दोन्ही मिसळलेलं असतं.

आधी अमर्याद पाणी आहे असं धरून चालवा. मग एका चौकटीवरून पूर्ण खोऱ्यावर या, नदीचा प्रवाह चालू करा आणि पाणी उपलब्धतेपुरतंच मिळू द्या. दोन्हींतला फरक म्हणजे खोऱ्याची तूट. ही पायरी एका चौकटीत कधीच करता येत नाही, कारण खालच्या शेताचं नशीब वरच्या उपशावर ठरतं.

सातवी पायरी: प्रत्यक्षाशी ताडून बघा

सगळ्यात आधी पाण्याचा ताळेबंद. पाऊस अधिक सिंचन, यातून बाष्पोत्सर्जन, मातीतलं बाष्पीभवन, पानांवरून उडालेलं पाणी, वाहून-झिरपून गेलेलं पाणी आणि साठ्यातला बदल वजा केला की शून्य उरलं पाहिजे. उरत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग उत्पादनाची पातळी. खत, कीड, तण, बियाण्याचा दर्जा यांपैकी बरंच काही मॉडेलमध्ये नसतं. नत्राशिवायच्या आवृत्तीत ही सगळी उणीव जास्तीत जास्त पर्णक्षेत्र निर्देशांकात कोंबतात. देशानुसार तो १ ते ७ च्या दरम्यान ठरवून सरासरी उत्पादन एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) आकड्याशी जुळवतात. वर दिलेले टक्के आठवा: ५ वरून ७ वर नेल्याने फारसं मिळत नाही, १ वरून २ वर नेल्याने खूप मिळतं. पातळी जुळली यात मॉडेलचं कौतुक नाही, ती आपणच जुळवलेली असते. परीक्षा होते ती वर्षागणिक चढउताराची: दुष्काळाच्या वर्षी मोजलेलं उत्पादन पडलं, तर मॉडेलचंही पडलं का? त्यासाठी मोजलेल्या आकड्यांतला नव्या बियाण्या-खतांमुळे आलेला चढता कल आधी काढून टाका, कारण मॉडेलमध्ये व्यवस्थापन स्थिर ठेवलेलं असतं.

इथेच माझे तीन आठवडे गेले होते. गव्हाचे चढउतार अजिबात जुळत नव्हते. माती बदलून पाहिली, पेरणी बदलून पाहिली. शेवटी मॉडेलची मालिका एका वर्षाने सरकवली आणि दुष्काळाची वर्षं एकावर एक येऊन बसली. शरदात पेरलेलं पीक पुढच्या वर्षी निघतं. मी काढलेल्या फाइलमध्ये ते पेरणीच्या वर्षाखाली गेलं होतं, आकडेवारीत काढणीच्या. दक्षिण गोलार्धातल्या मक्याचंही असंच, तिथे हंगाम ३१ डिसेंबर ओलांडतो. आता कोणतीही तुलना करण्याआधी मी मालिका एक वर्ष मागे आणि एक वर्ष पुढे सरकवून बघूनच घेते.

एका ठिकाणी वर्षात दोन-तीन पिकं निघत असतील तर सावध राहा. बहुतेक जागतिक मॉडेलं एका जमिनीवर वर्षाला एकच हंगाम धरतात.

आठवी पायरी: पुढचा काळ

आता त्याच ओळखीच्या चौकटीत भविष्याची हवा घाला. हवामानबदलाच्या परिणामांची मॉडेलं एकमेकांशी ताडणाऱ्या आयएसआयएमआयपी प्रकल्पातून ती अर्ध्या अंशावर, चुका सुधारून मिळते. प्रत्येक धाव दोनदा करा: एकदा कार्बन डायऑक्साइड वाढता ठेवून, एकदा स्थिर ठेवून. सी-३ पिकाच्या दोन रेषा एकमेकींपासून झपाट्याने दूर जातील. मक्याच्या रेषा जवळजवळ राहतील, फक्त कोरड्या वर्षांत थोड्या फाकतील, कारण तिथे फायदा पाण्याच्या बचतीतून येतो. दोन्ही रेषा दाखवा. एकच दाखवलेला आलेख वाचणाऱ्याची दिशाभूल करतो.

आणि एका मॉडेलवर थांबू नका. पिकांच्या मॉडेलांची तुलना करणारा एगमिप गट २०१० पासून काम करतो आहे. त्याच्या जागतिक तुलनेचे २०२१ मध्ये आलेले निकाल असे की जास्त उत्सर्जनाच्या वाटेवर शतकाच्या अखेरीस मक्याचं जागतिक उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घटतं, तर गव्हाचं वाढतं. हे सरासरीचे आकडे आहेत, सुट्या मॉडेलांत मोठी तफावत असते. तुमच्या चौकटीचा निकाल या तफावतीत कुठे बसतो ते बघा, आणि वेगळा बसत असेल तर तिसऱ्या पायरीतला अंश-दिवसांचा भागाकार आणि चौथ्यातला पाण्याचा हिशेब पुन्हा काढा. बहुतेक वेळा उत्तर त्या दोन कागदांवर सापडतं.